सुधारित वेळ

अडतीस वर्षे मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. पुणे स्टेशनवरच्या आरक्षणाच्या त्या खिडकीला खाली एक अर्धगोल भोक होते. त्यातून मला माणसांचे चेहरे क्वचितच दिसत. हात मात्र सारखे दिसत. नोटा मुठीत घट्ट धरलेले, फॉर्म चुरगाळणारे, नाही म्हटल्यावर हळूच मागे जाणारे. 2011 साली निवृत्त झालो तेव्हा प्रवाशांची गाऱ्हाणी आपल्याला तोंडपाठ आहेत, अशी माझी समजूत होती. खिडकीच्या बाहेर उभे राहण्याची पाळी आली तेव्हा ती समजूत गळून पडली.

ही पाळी आणली भाऊबिजेने. माझी थोरली बहीण नागपुरास धंतोलीत असते. 1966 साली लग्न होऊन गेली, ती नागपूरचीच झाली. वयाने ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि आम्हां भावंडांत आता आम्ही दोघेच उरलो आहोत. नोकरीत होतो तोवर पास होता, गाडी होती, पंधरा तासांचा प्रवास म्हणजे मला घरच्या ओसरीवर बसण्यासारखे. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी रात्रभराच्या प्रवासाला बंदी केली. तेव्हापासून खिशात रेल्वेचा पास ठेवून मी विमानाचे तिकीट काढतो. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे कळले तर ते मला माणसांतून उठवतील!

2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी होती. दिवाळीत भाडी चढतात म्हणून मी जुलैतच आमच्या कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्या गृहस्थांकडे गेलो. सकाळी 10.05 ला पुण्याहून निघायचे, साडेअकराला नागपूर. जेवायला अक्काकडे, संध्याकाळी ओवाळणी, मंगळवारी परत. जायचे तिकीट पाच हजार तीनशेला पडले. तिकिटावर बारीक अक्षरांत छापले होते की, प्रवाशाने तारीख किंवा वेळ बदलल्यास तीन हजार रुपये कापले जातील. ते वाचून मी मान डोलावली. शिस्त असावी ती अशी, असेही मनात आले. खिडकीच्या आत बसल्याची सवय अशी लवकर जात नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी उटण्याची पुडी आणायला बाहेर पडलो होतो. दुकानातून ते गृहस्थ हाक मारून म्हणाले, "काका, तुमच्या विमानाची वेळ जरा बदलली आहे बरं का." जरा म्हणजे किती, म्हणून विचारले, तर त्यांनी फोन पुढे केला. माझ्या नातवाने तो इंग्रजी संदेश मराठी करून वाचला : "आपल्या विमानाची सुधारित वेळ रात्री 8.40."

सुधारित! सकाळच्या दहाचे रात्रीचे पावणेनऊ झाले, यात सुधारणा कोणाची झाली? आपण मराठी माणसे 'सुधारणा' या शब्दासाठी शंभर वर्षे भांडलो, तो असा वापरलेला पाहून आगरकरांना काय वाटले असते कोण जाणे. संदेश आला होता 9 ऑक्टोबरला. त्याखाली एक हिरवे बटण होते, 'स्वीकार'. दिवाळीच्या गर्दीत रोज असे पन्नास संदेश येतात, म्हणून त्या गृहस्थांनी ते दाबून टाकले होते. तिकिटावर संपर्कासाठी नंबर त्यांचाच होता. माझा नंबर द्या, असे मी जुलैमध्ये सांगितले नव्हते. ती चूक माझी.

मला राग आला हे कबूल करतो. पण रेल्वेच्या माणसाने वेळापत्रकावर रागावणे म्हणजे हलवायाने साखरेवर रागावणे. म्हणून दोन दिवस मी वेळ का बदलते, याचाच शोध घेतला.

विमानांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा पालटते. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी लागू होते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. हे मुहूर्त आपल्या पंचांगातले नव्हेत. युरोपातले लोक त्या दिवशी आपली घड्याळे तासाने पुढे-मागे करतात, म्हणून जगातल्या विमान कंपन्यांनी तोच दिवस धरला. 2024 मध्ये तो रविवार 27 ऑक्टोबरला आला, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी. कोणत्या विमानाला कोणत्या तळावर किती वाजता जागा मिळणार, हे ठरून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी मिळेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे जुलैमध्ये मी ज्या वेळेचे तिकीट विकत घेतले, ती वेळ पाळण्यात घालायचीही बाकी होती.

त्यात आमचे लोहगाव मुळात हवाई दलाचे. धावपट्टी त्यांची, प्रवासी विमाने तिथे पाहुणी. 2021 साली त्या धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी 16 ऑक्टोबरपासून चौदा दिवस पुण्याची सगळी प्रवासी उड्डाणे बंद राहिली होती. शिवाय एकच विमान दिवसभर चार-पाच गावे करते. सकाळी दिल्लीला धुके पडले की संध्याकाळी त्याचा हिशेब इंदूरला नाही तर नागपूरला चुकवावा लागतो. वैमानिकाला झोप हवी, यंत्राला तपासणी हवी. यातली एकही गोष्ट मला अमान्य नाही. घाटात दरड कोसळली म्हणून गाडी अडली, तर स्टेशनमास्तराची गचांडी धरणारे प्रवासी मी पाहिले आहेत, आणि मला त्यांची लाजच वाटत आली आहे. कंपनीने वेळ बदलू नये, असे म्हणण्याचा अधिकार प्रवाशाला नाही, असे माझे मत त्या दोन दिवसांत पक्के झाले.

पण एक गोष्ट खटकत राहिली. आमच्या रेल्वेला लोक नावे ठेवतात, ठेवोत बापडे. पण ज्या जागेची खात्री नाही, त्या तिकिटावर रेल्वे सरळ 'वेटिंग' असे छापते. अर्धी खात्री असेल तर 'आर. ए. सी.' छापते. घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो. जुलैमध्ये विकलेल्या माझ्या विमानाच्या तिकिटावर मात्र 10.05 हा आकडा असा ठसठशीत होता, की जणू ताम्रपटच! हिवाळी वेळापत्रक ठरायचे आहे, वेळ संभाव्य समजावी, एवढी एक ओळ तिथे असती तर मी अक्काला 'सकाळी येतो' असे कळवले नसते. निदान नंबर तरी स्वतःचा दिला असता.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटे एकच धून ऐकली. मग एका मुलीचा आवाज आला. मोठा गोड आणि अतिशय दमलेला. ती म्हणाली, "सर, बदल आपण स्वीकारलेला आहे." मी म्हटले, "मी नाही स्वीकारला." ती म्हणाली, "इथे स्वीकारलेला दिसतो आहे." तिचे म्हणणे खोटे नव्हते. अशी वाक्ये मीसुद्धा हजार वेळा बोललो आहे : "इथे नाव नाही." "इथे तसं दिसत नाही." हे 'इथे' म्हणजे कुठे, ते खिडकीबाहेरच्याला कधीच दिसत नाही. आदल्या दिवशीच्या विमानात एक जागा होती. त्यासाठी ती बदलाचे तीन हजार आणि भाड्यातला फरक मागत होती. मी वेळ बदलली तर तीन हजार; त्यांनी बदलली तर गैरसोयीबद्दल क्षमस्व. शिस्तीचे जे मला जुलैमध्ये कौतुक वाटले होते, ती शिस्त एकाच बाजूची निघाली.

नातू शेजारी बसला होता. त्याने फोनवर नियम शोधून काढला. महासंचालनालयाने तो 2010 साली केला आणि नंतर 2016 व 2019 मध्ये सुधारला. (ही सुधारणा खरी.) त्यात लिहिले आहे की, देशातल्या देशात विमान सहा तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर कंपनीने ते चोवीस तासांहून आधी कळवावे, आणि सहा तासांच्या आतले दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे यांतून निवड करू द्यावी. विमान रद्दच झाले, तरी दुसरे विमान किंवा पैसे. आणि तेही प्रवाशाला मान्य असेल ते. वेळेवर कळवलेच नाही, तर वर भरपाई : तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, त्यापुढे दहा हजार, मात्र एकेरी मूळ भाडे आणि इंधनाचा आकार मिळून यापेक्षा कमी होत असेल, तर तेवढेच. धुके, पूर, संप, सुरक्षेचा धोका अशा गोष्टी कंपनीच्या हाताबाहेरच्या, त्यांना भरपाई नाही. आणि ज्याने आपला संपर्क नीट दिला नाही, त्यालाही नाही. हे शेवटचे कलम नातवाने मुद्दाम जरा हळू वाचले.

मला भरपाई नकोच होती. पंचवीस दिवस आधी कळवल्यावर भरपाई कसली मागायची? मी त्या मुलीला निवडीचे कलम वाचून दाखवले. ती वरिष्ठांना विचारून आली. पुन्हा तीच धून. मग म्हणाली, "सर, पूर्ण पैसे परत मिळतील." तिला प्रामाणिकपणे आनंद झालेला दिसला. पण पैसे घेऊन मी करणार काय? त्या दिवशीच्या दुसऱ्या विमानांत जागा नव्हती. महाराष्ट्र एक्सप्रेसची वेटिंगची यादी मी न बघताच सांगू शकलो असतो. खासगी बसच्या मालकांची तर दिवाळीच होती. निवड मला कायद्याने होती, आणि ती मिळालीही. पण ती बावीस दिवसांपूर्वी ताजी होती, आता तिला वास येत होता. 9 ऑक्टोबरला ते हिरवे बटण एकटे नसते, शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत 'दुसरे विमान' आणि 'पैसे परत' अशी दोन बटणे असती, तर त्या तिकीटवाल्या गृहस्थांनीही एक मिनिट थांबून मला हाक मारली असती. एका बटणाला निवड म्हणत नाहीत. आमच्याकडे मुली पाहण्याच्या कार्यक्रमात पूर्वी मुलीला विचारायचे, तसे ते विचारणे.

मी रात्रीचे विमानच कायम ठेवले. फोन ठेवण्यापूर्वी तिकिटावरचा नंबर बदलून माझा घालायला मात्र लावला.

त्या रात्री मला एक जुना प्रवासी आठवला. नोकरीतली सुरुवातीची वर्षे होती. बोरघाटात दरड आली होती, मुंबईकडच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मी खिडकीतून सगळ्यांना एकच उत्तर देत होतो : "उशीर अनिश्चित." एक म्हातारे गृहस्थ भोकाशी वाकले. प्रथमच मला कोणाचा तरी पूर्ण चेहरा दिसला. म्हणाले, "साहेब, गाडी आणा असं मी म्हणत नाही. मुलीला तार करायची आहे, त्यात काय लिहू तेवढं सांगा. अनिश्चित लिहिलं, तर ती रात्रभर स्टेशनवर बसेल." मला काहीच ठाऊक नव्हते. आत कंट्रोलला फोन करून विचारता आले असते, पण रांग मोठी होती. मी पुन्हा 'अनिश्चित' असेच म्हटले. त्यांनी मान हलवली आणि हात मागे गेला. पुढे माझ्याच खिडकीवरून मी लोकांना पैसे परत दिले. गाडी तीन तासांहून अधिक लेट असेल आणि प्रवासी चढला नाही, तर पूर्ण भाडे परत करण्याचा आमचा नियम आहे. पण त्या गृहस्थांना पैसे नको होते, आकडा हवा होता.

आकडा देणे परदेशांतही सोपे गेलेले नाही. माझी भाची जर्मनीत असते. तिकडे युरोपाचा कायदा 2005 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. चौदा दिवसांच्या आत विमान रद्द केले, तर अंतराप्रमाणे 250 पासून 600 युरोंपर्यंत भरपाई. त्यालाही हाताबाहेरच्या कारणांची सूट आहेच. गंमत म्हणजे, वेळ पुढे ढकलण्याइतकेच अलीकडे ओढणेही त्रासाचे, हे तिथल्या न्यायालयाने 2021 च्या डिसेंबरात मान्य केले : विमान तासाहून अधिक लवकर नेले, तर ते रद्द केल्यातच जमा. अमेरिकेने 2024 साली आकडाच घातला. देशांतर्गत तीन तास, परदेशी सहा तास. यापलीकडे वेळ सरकली आणि प्रवाशाने नाही म्हटले, तर पैसे आपोआप परत. 'जरा बदलली आहे' यातल्या 'जरा'चा अर्थ एकदाचा ठरला, हे मला त्यातले खरे मोल वाटते.

आपल्याकडे काय होते ते 2025 च्या डिसेंबरात देशाने पाहिलेच. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीपासून ठाऊक असताना माणसांची तजवीज झाली नाही. काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या विमानांची भाडी अशी भडकली, की सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. त्या दिवसांत विमानतळांवर सामानाच्या बॅगांवर डोके टेकून झोपलेल्या लोकांची चित्रे मी पाहिली. त्यांतल्या कोणाला पाच-दहा हजार मिळाले असतील, तर मिळोत. पण कॅमेऱ्यासमोर आलेला जो तो एकच प्रश्न विचारत होता : खरे काय ते सांगा, विमान जाणार की नाही? मला ते म्हातारे गृहस्थच पुन्हा पुन्हा दिसत होते.

पण आमच्या भाऊबिजेकडे येतो. अक्काला मी फोनवर सांगितले, की रात्री पोचेन, तू जेवून घे. तिला मधुमेह आहे. वेळेवर खाल्ले नाही तर तिला गरगरते. ती "बरं" म्हणाली. हे 'बरं' मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचा अर्थ 'बरं' असा नसतो.

रविवारी सौ.चे भाऊ आमच्याकडे दुपारीच आले, ओवाळून, जेवून घोरायलाही लागले. मी मात्र दिवसभर बॅग भरून घरात पाहुण्यासारखा बसून होतो. सुधारित वेळ 8.40 ची. लोहगावला पोचलो तो फलकावर 9.20. वर्षानुवर्षे स्टेशनवर ऐकलेले ते 'आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है' आठवून हसू आले. शेजारी एक तरुण मुलगा बसला होता. तो काउंटर बंद झाल्यावर चार मिनिटांनी पोचला, म्हणून दुपारचे त्याचे विमान हुकले होते. नवे पूर्ण भाडे भरून तो आता निघाला होता. त्याची चार मिनिटे आणि माझे साडेदहा तास, असे आम्ही दोघे एकाच बाकावर बसलो होतो. त्याने मला चकली दिली.

सोनेगावच्या तळावरून धंतोलीत पोचायला साडेअकरा वाजले. दारातली रांगोळी पुसट झाली होती, पणत्या विझल्या होत्या. पण पाट मांडलेला होता, आणि पाटाशेजारी भिंतीला टेकून अक्का बसली होती. भाचा रागाने लाल झालेला. "मामा, दुपारपासून हिनं नुसतं अर्धी वाटी दूध घेतलं आहे. तुम्हीच सांगा काही."

मी काय सांगणार? मी पाटावर बसलो. तिचा हात थरथरत होता. तो वयाने की उपाशीपणाने, हे मी विचारले नाही. आमच्याकडे आधी बिजेच्या कोरीला ओवाळतात, मग भावाला. बिजेचा चंद्र तो. सूर्यामागून तासाभरात मावळणारा. मी म्हटले, "अक्का, चंद्र तर केव्हाच गेला."

"त्याला ओवाळलं मी सहालाच," ती म्हणाली. "तो वेळेवर आला होता बाप्पा. तूच काहून इतका उशीर केला?"

अठ्ठावन्न वर्षांनी तिच्या तोंडी 'काहून' अगदी घरचे वाटते. मी तिला हिवाळी वेळापत्रक, लोहगावची धावपट्टी आणि युरोपातली घड्याळे समजावून सांगायला लागलो. तिने कुंकू लावता लावता शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "घड्याळ त्यांनी मागे केलं, अन् उपाशी मी राहिली होय!" भाचाही हसला. मग तिला आधी जेवायला बसवले. गोळाभात गरम केला, सांबारवडी गारच खाल्ली.

हात धुऊन येतो तो माझा फोन वाजला. या वेळी नंबर माझाच होता. मंगळवारच्या परतीच्या विमानाची सुधारित वेळ : पंचेचाळीस मिनिटे अलीकडे. मी चष्मा लावून तो संदेश दोनदा वाचला, तारीख पाहिली, मधले तास मोजले. अक्काने विचारले, "काय म्हणतात?"

"मंगळवारी पाऊण तास लवकर निघायचं म्हणतात."

"मग डबा सकाळी सातलाच भरून ठेवते," ती म्हणाली, आणि निजायला गेली.